ऑर्फाच्या शेगडीचा फोटो

क्रॅब रन, वेस्ट व्हर्जिनिया
९ जून २००८

प्रिय डॉर्सी,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण माझा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणि वांडा योहो स्वयंपाकघराच्या खुर्चीत. शेजारधर्म म्हणून ती सकाळी सातला येते आणि जेवूनच उठते. तिच्यादेखत तुला काही सांगायचं म्हणजे सरळ चर्चमध्ये उभं राहून वाचून दाखवलेलं बरं.

तर, मागच्या मंगळवारी दारात पांढरा ट्रक आला. उतरला ट्रेंट मेब्री नावाचा माणूस. ओक्लाहोमाचा, गॅस कंपनीचा. बूट इतके स्वच्छ, की मी आधी त्याला धर्मप्रचारकच समजले. म्हणाला, "मॅडम, तुमच्या डोंगराखाली मैलभर खोल एक खडक आहे. त्यात गॅस आहे."

मी म्हटलं, "खडकाचं आमच्या बाबांना सांगायला हवं होतंत. त्यांचे चार नांगर मोडले."

त्याला आपली जमीन भाडेपट्ट्याने हवी आहे. पाच वर्षांसाठी, सही केल्याबरोबर एकरी चारशे डॉलर, पुढे गॅस निघाला तर त्यातला हिस्सा वेगळा. पण सही तुझीही लागणार. बाबांनी वाटणी कशी केली होती, आठवतं ना? म्हातारपणी त्यांचं मी केलं म्हणून घर आणि एकशे बारा एकर माझ्या नावावर, पण जमिनीच्या पोटात जे काही असेल ते दोघांचं निम्मं निम्मं. वरचं गवत माझं, खालचा अंधार दोघांचा.

मेब्रीने घेवड्याचं कालवण दोनदा घेतलं. माझी शेगडी बघून म्हणाला, "गॅस कुठून घेता?" मी म्हटलं, "घेत कशाला? घरचाच आहे. मागच्या खोपटामागे विहीर आहे, बाबांच्या वेळची. कंपनी बुडाली, विहीर राहिली. पैसा पडत नाही." त्याला फार कौतुक वाटलं.

काय करू ते कळव. हल्ली ज्योत जरा बसली आहे. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला येशील तेव्हा नेहमीसारखी नळी फुंकून दे.

तुझी बहीण,
ऑर्फा


ॲक्रन, ओहायो
१५ जून

ऑर्फा,

सही करू नकोस. कशावरच करू नकोस. पावतीवर नाही, चर्चच्या वर्गणीच्या वहीत नाही, कुणाच्या वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा नाही. चारशे म्हणतोय म्हणजे त्याच्या दुसऱ्या खिशात बाराशेचा कागद आहे. माझ्या न्हाव्याचा मेव्हणा पेनसिल्व्हेनियात असतो, तिकडे दोन हजारांवर गेलेत म्हणे.

आणि हा माणूस जेवणाच्या वेळेलाच का येतो? मी चाळीस वर्षं टायरच्या कारखान्यात काढली. फोरमन जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसला आणि घरच्यांची चौकशी करायला लागला, की त्या आठवड्यात कुणाची तरी नोकरी जायची.

आता माझं एक ऐक. लुरीन गेली आणि मी विधुर झालो, तेव्हापासून या भाड्याच्या दोन खोल्यांत मी आणि तिचं शिवणयंत्र, दोघंच आहोत. बोलायचं तर तेच बोलतं. मला परत तिकडे यायचं आहे. हे पैसे आले तर वरच्या माळावर, जुन्या सफरचंदाच्या झाडापाशी, दोन खोल्या बांधीन म्हणतो. सदुसष्टाव्या वर्षी हा एकच डाव माझ्या हातात आहे, तो चारशेवर घालवू नकोस. एकदा सही झाली की पाच वर्षं हात बांधले गेले.

डॉर्सी

ता.क. वांडाला काही सांगू नकोस.


क्रॅब रन
२९ जून

प्रिय डॉर्सी,

वांडाला मी काहीच सांगितलं नाही. तिने मला सांगितलं. तिने सातशेला सही केलीसुद्धा. तिची विहीर दहा वर्षांपूर्वी आटली आणि तेव्हापासून ती सिलिंडर आणते, म्हणून मला वाटायचं तिला कमी देतील. त्याचा काही संबंधच नसतो म्हणे.

गेल्या रविवारी चर्चमध्ये सामुदायिक जेवण होतं. इतकं शांत जेवण मी आजवर पाहिलं नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, "छे, आम्ही कुठली सही करतोय!" एल्झा हिक्सेनबॉसुद्धा हेच म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या तोंडात नवी कोरी दातांची कवळी चमकत होती. पाद्रीबाबांनी लोभावर प्रवचन दिलं आणि संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "ऑर्फा, तुम्हाला किती म्हणाले?"

मेब्री परवा पुन्हा येऊन गेला. मी स्ट्रॉबेरीचा मुरांबा करत होते, दोन्ही बर्नर चालू होते. म्हणाला, "मॅडम, अशी स्वयंपाकघरं आता राहिली नाहीत. एक फोटो काढू?" मी म्हटलं थांबा, आणि निळ्या फुलांचा ॲप्रन घातला. त्याने मला शेगडीपाशी उभं केलं. "जरा डावीकडे सरका मॅडम, ज्योत दिसू दे." मग विचारलं, "रोज पेटवता?" मी म्हटलं, "एकोणीसशे सदतीस साली जन्मले तेव्हापासून एक दिवस खंड नाही." त्याने ते वहीत लिहून घेतलं. असं ऐकून घेणारी माणसं आपल्याकडे उरली नाहीत. तू तर कधी विचारलं नाहीस.

त्याचा आकडा आता नऊशे झाला आहे.

माळाबद्दल पुढे बघू.

ऑर्फा


ॲक्रन
१० जुलै

ऑर्फा,

सत्तरी ओलांडलेली बाई परक्या माणसासाठी नवा ॲप्रन घालते आणि मी काही समजायचं नाही? तो माणूस तुला एकटीला गाठून सही काढणार. फोटो ही सुरुवात आहे. उद्या म्हणेल, मॅडम, फोटोखाली नाव लिहा. मग सही कशाला म्हणतात?

शिवाय आपला मावसभाऊ रस्सल इथे आला होता. तो म्हणाला, ऑर्फाने घरावर लाल पत्र्याचं नवं छप्पर घातलंय. माझ्या पेन्शनीतून मला बूट घेता येत नाहीत, तुझ्या पेन्शनीतून छप्पर निघालं? "माळाबद्दल पुढे बघू" याचा अर्थही मला कळतो. पैसे वाटून घ्यायला भाऊ चालतो, शेजारी राहायला नको.

सरळ सांग. तू सही केली आहेस का?

डॉर्सी


क्रॅब रन
१८ जुलै

डॉर्सी,

छप्पर अक्रोडाच्या झाडांचं आहे. खालच्या ओढ्याकाठची तीन झाडं मार्चमध्ये लाकूडवाल्याला विकली. ओढ्याकाठी जाऊन बुंधे बघ. ते खोटं बोलणार नाहीत, रस्सलसारखे.

आणि बघायला तुला लांबूनही यावं लागणार नाही. गेल्या गुरुवारी वांडाच्या पुतणीने तुझा हिरवा ट्रक जिल्हा कचेरीच्या दारात पाहिला. मागच्या काचेवर लुरीनने लावलेला फुलपाखराचा स्टिकर आहे, नाही म्हणू नकोस. कचेरीपासून माझं घर सात मैल. सात मैलांवर येऊन बहिणीच्या हातचं न जेवता परत गेलास! बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा तू तीनदा वाढून घेतलं होतंस.

कचेरीत काय काम होतं? माझ्यामागे निम्म्या हिश्श्याचा वेगळा सौदा करायला गेला होतास ना?

पत्राला उत्तर नको. तोंड दाखव.

ऑर्फा


ॲक्रन
१ सप्टेंबर

ऑर्फा,

ऑगस्टात येऊन तोंड दाखवलं, त्याचं काय झालं ते दोघांना ठाऊक आहे. मी माळाचं नाव काढलं, तू भांडी आपटलीस. ताट अर्धं टाकून उठायची माझी ही पहिली वेळ. तरी जाताना तुझी नळी फुंकून गेलो. खोलगट भागात बादलीभर पाणी साचलं होतं, अजून महिनाभरात ज्योत विझलीच असती. आता वीतभर उभी राहते की नाही ते सांग. राग तुझ्यावर होता, नळीवर नव्हता.

आता कचेरीचं. हो, गेलो होतो. तू सही केलीस का ते बघायला गेलो होतो. या वर्षीचे सगळे पट्टे चाळले, तुझं नाव नाही. कारकून बाई म्हणाली, "जुनी बाडं काढू का? तळघरात आहेत, एकोणीसशे साली सुरू होतात." मी म्हटलं, "नको, मला जिवंत माणसांचा संशय आहे, मेलेल्यांचा नाही." बाईला हसू आलं. मला लाज वाटली, म्हणून तुझ्याकडे आलो नाही. हे मी तुझ्यापुढे कबूल केलं नसतं, पण पत्रात माणसाचं तोंड दिसत नाही.

मेब्री मला परवा फोनवर अडीच हजार म्हणाला. एकरी! पण तू थांब. न्हावी म्हणतो दिवाळं निघेपर्यंत कंपन्या बोली चढवणार, ख्रिसमसपर्यंत चार हजार. वांडाने सातशेला विकलं, तिला आता झोप येत नसेल.

डॉर्सी


क्रॅब रन
८ ऑक्टोबर

डॉर्सी,

वांडाला छान झोप येते. आमच्याकडे जेवली की तिथेच खुर्चीत येते. शेजाऱ्यांचा भाव चढला तर तिलाही तेवढाच, असं तिने करारात लिहून घेतलं होतं, मेब्रीने मुकाट्याने दिलासुद्धा. नवी गाडी आली आहे.

तुझ्या न्हाव्याला सांग, दिवाळं निघालं. बँकांचं निघालं. रेडिओवर दुसरं काही नाही. मेब्री तीन आठवडे फिरकला नाही. मला वाटलं भाव पडला म्हणून तोंड लपवतोय. काल कंपनीचं जाड पाकीट आलं. वांडा खुर्चीत होती म्हणून मी कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन उघडलं.

लिहिलं आहे, की त्यांना आपल्याबरोबर नवा करार करण्याची गरज उरलेली नाही. आपली जमीन आधीच त्यांच्याकडे आहे. बाबांनी १९३१ साली विहीर पाडताना जो कागद केला, तो कागद बुडीत कंपनीच्या रद्दीबरोबर यांनी या उन्हाळ्यात विकत घेतला. त्यात म्हटलंय, विहिरीतून गॅस घेतला जातोय तोवर करार चालू, आणि करार साऱ्या जमिनीला लागू, वरपासून तळापर्यंत. तो मैलभर खोल खडकसुद्धा त्यात आला. अडीच हजार नाहीत, चारशेही नाहीत, काही नाही. तिथून गॅस निघाला तर जुन्या दराने आठवा हिस्सा, बस.

आणि विहीर चालू आहे याचा पुरावा म्हणून सोबत काय जोडलंय सांगू? माझा फोटो. निळ्या फुलांचा ॲप्रन, हातात डाव, आणि माझ्या कोपराशेजारी दोन ज्योती. खाली टाइप केलंय: "१९३७ पासून अखंड वापर. श्रीमती ऑर्फा स्ट्रोस्नायडर यांचे निवेदन."

फोटो चांगला आला आहे, हेच मला सहन होत नाही.

वांडाची विहीर आटली म्हणून तिला पैसे मिळाले. एल्झाची आटली म्हणून त्याला दात मिळाले. साऱ्या खोऱ्यात आपलीच तेवढी विहीर जिवंत, आणि का, ते मी लिहीत नाही. तुला कळेल.

ऑर्फा


ॲक्रन
१४ ऑक्टोबर

ऑर्फा,

कळलं. पत्र वाचल्यावर तासभर लुरीनच्या शिवणयंत्रापुढे बसून होतो. पंचेचाळीस वर्षं दर शिकारीच्या मोसमात येऊन मी ती नळी फुंकली. बर्फात गुडघे टेकून, तोंडाला गंज लावून. बहिणीच्या घरात ऊब राहावी म्हणून. आणि बाबांच्या कागदात मी दर वर्षी एक एक श्वास भरत होतो. ऑगस्टात सोडून दिलं असतं तरी सप्टेंबरात ज्योत गेली असती. भांडून निघालेला माणूससुद्धा जाताना नळी फुंकतो, असा गाढव स्ट्रोस्नायडरांच्याच घरी जन्माला यायचा.

मी तुझ्यावर संशय घेतला, रस्सलवर घेतला, छपरावर घेतला. कारकून बाईने तळघर दाखवलं तेव्हा मीच नको म्हटलं. तू मेब्रीवर संशय घ्यायला हवा होतास, तर तू माझ्या ट्रकवर घेतलास. शेगडीवर कुणी घेतलाच नाही.

आता मुद्द्याचं. बाबांच्या कागदाची तू पाठवलेली प्रत मी भिंगाखाली दोनदा वाचली. तिसऱ्या पानावर तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत आहे: सलग बारा महिने विहिरीतून गॅस घेतला गेला नाही, तर करार आपोआप संपेल. तेव्हाच्या माणसांना वाटलं असेल, फुकटचा गॅस वर्षभर कोण बंद ठेवील!

खोपटामागची तोटी बंद कर. आज. चहाच्या कपापुरतीसुद्धा उघडू नकोस.

डॉर्सी

ता.क. माळाचं आता मनात धरू नकोस. पैसेच नाहीत तर घर कशाचं.


क्रॅब रन
५ नोव्हेंबर

डॉर्सी,

१७ ऑक्टोबरला सकाळी तोटी बंद केली. वांडाला साक्षीला उभं केलं, तारीख तिच्या हाताने कॅलेंडरवर लिहून घेतली. तिला आयुष्यात पहिल्यांदा गुपित राखायचं नाही असं काम मिळालं, बाई हरखून गेली. मंगळवारपर्यंत साऱ्या खोऱ्याला ठाऊक.

तेव्हापासून विजेच्या एका तव्यावर जगते आहे. घेवडा शिजायला दुपार लागते. घरात कोट घालून बसते.

सोमवारी मेब्री आला. जेवणाच्या वेळेला. शेगडीकडे बघून चेहरा एवढासा झाला.

"मॅडम, गॅस बंद दिसतो?"

"हो."

"नळी तुंबली असेल. कंपनीचा माणूस पाठवतो, फुकट साफ करून देईल."

"नको हो. आम्हाला थंडी आवडते."

"या वयात? मॅडम, मला तुमची काळजी वाटते."

"काळजी वाटत असेल तर फोटो काढा. मी ॲप्रन घालते."

थंड कॉफी पाजून त्याला वाटेला लावलं. पण जाताना तो ट्रक थांबवून खोपटाकडे बघत होता. दोनदा.

आता माझं सरळ म्हणणं ऐक. तू ॲक्रनमध्ये उबेत बसून मला सांगतोस, वर्षभर गारठ. मी गारठायला तयार आहे. पण मी आजारी पडले आणि वांडाने दयेपोटी तोटी उघडली तर? मी रविवारी चर्चला गेले आणि मेब्रीचा माणूस येऊन "मदत" करून गेला तर? आणि खरं सांगू? फेब्रुवारीत पहाटे मी स्वतः उघडणार नाही, याची मला खात्री नाही. तुला तर नसेलच. आणि तू तिकडे मेब्रीशी फोनवर काय बोलतोस, याची मला नाही.

माळावर घर बांधायला मी जागा देणार नाही. ऑगस्टात तेच सांगत होते, पण तू अर्ध्यावर उठलास. माळावर पाणी नाही, वाट नाही, पडलास तर कोणाला ऐकू जाणार नाही. तुझी जुनी खोली तशीच आहे. फक्त तिथे माझ्या मुरांब्याच्या बरण्या आहेत. त्या हलवीन.

ये आणि तोटीवर पहारा कर. मी तुझ्यावर करीन.

ऑर्फा


ॲक्रन
१२ नोव्हेंबर

ऑर्फा,

शनिवारी पोचतो. ट्रकमध्ये लाकडावर चालणारी शेगडी घातली आहे. न्हाव्याच्या मेव्हण्याकडून घेतली. त्याच्या पट्ट्याचा चेक बँकेतून परत आला, तो जे सापडेल ते विकतोय. लुरीनचं शिवणयंत्रही आणतो आहे, त्याला जागा लागेल.

अक्रोडाचे बुंधे अजून ओढ्याकाठी आहेत ना? सरपणाला होतील. आणि ते एकदा मोजूनही बघीन म्हणतो. तीनच आहेत ना?

डॉर्सी


क्रॅब रन, वेस्ट व्हर्जिनिया
१९ ऑक्टोबर २००९

श्री. ट्रेंट मेब्री यांस,

तुम्हाला आणि तुमच्या कंपनीला कळवण्यात येतं, की आमच्या वडिलांच्या १९३१ च्या कागदातील तिसऱ्या पानावरच्या तळाच्या ओळीप्रमाणे आमच्या विहिरीतून सलग बारा महिने आणि वर दोन दिवस गॅस घेतला गेलेला नाही. सबब तो करार संपला आहे. मुंगीएवढी अक्षरं वाचण्यासाठी भिंग लागल्यास डॉर्सी यांच्याकडे आहे.

तुम्ही चार वेळा नळी साफ करून देण्याची तयारी दाखवलीत, त्याबद्दल आभारी आहोत. मार्चमध्ये तुमचा माणूस चुकून खोपटामागे आला, तेव्हा डॉर्सी यांनी त्याला घरात आणून जेवू घातलं आणि तो जाईपर्यंत तोटीवर बसून राहिले. बर्फ पडत होता. त्यांची पाठ अजून धरलेली आहे.

पुरावा म्हणून फोटो सोबत जोडला आहे. फोटो श्रीमती वांडा योहो यांनी काढला. शेगडी तीच, ॲप्रन तोच. बर्नरवर जे दिसतं आहे ते कोळ्याचं जाळं आहे. ते डॉर्सी यांनी वर्षभर पुसू दिलं नाही. डावीकडे थोडं सरकून उभे राहिलो आहोत, म्हणजे ज्योत नाही हे दिसेल.

नव्या पट्ट्यासाठी सध्या काय भाव चालला आहे, ते आम्हाला ठाऊक नाही. खूपच पडला आहे असं एल्झा हिक्सेनबॉ म्हणतात, त्याअर्थी चढला असावा. तुम्ही आकडा सांगा. आम्ही ऐकून घेऊ. घाई नाही. लाकडाच्या शेगडीवर घेवडा छान शिजतो, आणि बरण्या हलवल्यावर खोलीही तशी पुरते.

यायचं असल्यास जेवणाच्या वेळेला या. दोघांपैकी एकट्याला गाठण्याचा प्रयत्न करू नका. आम्ही एकमेकांना एकटं सोडत नाही.

आपले,

ऑर्फा स्ट्रोस्नायडर
(आधी त्याची सही घेतली, मग मी केली.)

डॉर्सी स्ट्रोस्नायडर
(खोटं आहे. एकाच वेळी केल्या, दोन पेनांनी. वांडा साक्षीला होती.)